प्रभुमंदिराची फरशी: तिची झिलई आणि तिची राखण

प्रभुमंदिरांत पाऊल टाकतांच भाविकाची दृष्टि सहज वर जाते. वेदी, वेदीवरील क्रूस, संतांच्या मूर्ति, रंगीत कांचांच्या खिडक्या, छताची उंची, हें सर्व पाहून झाल्यावरही पायांखालच्या दगडाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि तरीही मंदिराच्या सर्व भागांत आपल्या देहाचा नित्य स्पर्श ज्याला होतो असा भाग तो एकच. बाप्तिस्म्यासाठीं आणलेलें मूल त्याच्यावरून आंत येतें, वधूवर त्याच्यावर गुडघे टेकतात, आणि अखेरची मिस्सा होत असतां शवपेटीही त्याच्यावरच घटकाभर विसावते.

जुबिलीचें वर्ष आलें म्हणजे या उपेक्षित दगडाचें दैव एकदम उघडतें. रंगारी येतात, दिवे बदलतात, आणि सभेंत कोणी तरी सुचवितो कीं, फरशीही घासून आरशासारखी करावी, किंवा उखडून नवीच घालावी. सूचना भक्तीपोटीं आलेली असते व खर्चाला दातेही मिळतात. परंतु जी गोष्ट एकदां केली असतां पुन्हां मागें घेतां येत नाहीं, ती करण्यापूर्वीं तिचा पूर्वेतिहास जाणून घ्यावा हें शहाणपणाचें होय. एवढ्याच हेतूनें हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहें.

दगड चकाकतो म्हणजे काय होतें

'झिलई' हा शब्द ऐकला कीं, दगडावर वरून कांहीं तरी लावलें जात असावें असा पुष्कळांचा समज होतो. लांकडाला रोगण देतात, भांड्याला कल्हई करतात, तसेंच कांहीं दगडालाही देत असतील असें वाटतें. वस्तुतः चांगल्या दगडाची चकाकी बाहेरून येत नाहीं. खडबडीत दगडावर पडलेला प्रकाश चहूंकडे विखुरतो, म्हणून तो दगड फिका व धुरकट दिसतो. तोच दगड समतल व गुळगुळीत केला असतां प्रकाश एका दिशेनें परत फिरतो, दगडाचा मूळचा रंग गडद होतो, आणि त्यांतील शिरा व ठिपके उठून दिसूं लागतात. पावसांत भिजलेली फरशी कोरड्या फरशीपेक्षां सुंदर दिसते याचें कारणही हेंच आहे. तिच्यावरचे सूक्ष्म खळगे तेवढा वेळ पाण्यानें भरलेले असतात.

ही समता कायमची साधण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे घासणें. प्रथम जाड कणांनीं घासून टाकीचे घाव काढावयाचे, मग त्याहून बारीक कणांनीं पहिल्या घासणीचे ओरखडे काढावयाचे, मग त्याहूनही बारीक कण घ्यावयाचे, असें करीत करीत शेवटचे ओरखडे डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत जावयाचें. मधली एखादी पायरी घाईनें गाळली, तर आधींच्या पायरीचे ओरखडे शेवटच्या चकाकींतून वर डोकावतात, व सर्व काम पुन्हां मागून करावें लागतें. घासतांना पाणी सतत सोडावें लागतें. त्यानें घासलेला चूर वाहून जातो, दगड तापत नाहीं, आणि धूळ उडत नाहीं. संगमरवराला शेवटचा हात कथलाच्या भस्माचा किंवा ऑक्झॅलिक आम्लाच्या भुकटीचा देण्याची रीति आहे.

आपल्या स्वयंपाकघरांत याचीं उदाहरणें आहेत. सहाण वर्षानुवर्षें उगाळून गुळगुळीत होते व तिला मध्यें खोलगट आकार येतो. जातें मात्र गुळगुळीत झालें कीं दळेनासें होतें, म्हणून त्याला टाकी लावून पुन्हां खडबडीत करावें लागतें. एकीला झीज शोभते व दुसऱ्याला ती मारक होते, पण दोहोंतही दगड तिळातिळानें कमी होत जातो. झिलई म्हणजे दगडांतून केलेली वजाबाकी होय, ही गोष्ट वाचकांनीं मनांत पक्की धरून ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभारलेलें आहे.

सर्व दगड सारखी झिलई घेत नाहींत. संगमरवर, त्याचप्रमाणें आपल्या घरांत घातलेली शहाबादी फरशी, कोटा व काळा कडप्पा, हे सर्व चुनखडीच्या कुळांतील दगड होत. ते मऊ असल्यामुळें लौकर घोटले जातात, पण तितक्याच लौकर खराबही होतात. सह्याद्रीचा काळा पाषाण व ग्रॅनाइट हे कठीण. त्यांना चकाकी आणावयास श्रम फार, परंतु ती टिकतेही फार. कोंकणांतील जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें त्याला झिलई अशी येतच नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यानें १८१२ मध्यें खनिजांच्या कठिणतेची जी दहा पायऱ्यांची श्रेणी लावली, तींत संगमरवराचें मुख्य खनिज तिसऱ्या पायरीवर आहे, वाळूंतील गारेचें सातव्या, कुरुंदाचें नवव्या, आणि हिऱ्याचें दहाव्या. चपलेला चिकटून आलेला वाळूचा एक कणही संगमरवरावर ओरखडा कां काढतो, हें या आंकड्यांवरून कोणाच्याही ध्यानांत येईल.

प्राचीनांचें कसब

मनुष्यानें ही विद्या फार पूर्वीं हस्तगत केली. ग्रीसमधील नाक्सोस बेटावर कुरुंदमिश्रित काळा दगड सांपडतो. त्याच्या चुऱ्यानें संगमरवर घासण्याची कला ग्रीक व रोमन कारागिरांना अवगत होती. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला रोमन पंडित प्लिनी यानें आपल्या सृष्टिविषयक ग्रंथांत संगमरवर कापण्याच्या व घोटण्याच्या निरनिराळ्या वाळूंचें वर्णन केलें आहे. इथिओपियाची वाळू तो श्रेष्ठ मानतो, आणि हिंदुस्थानच्या वाळूचाही उल्लेख करतो. हिनें काप तितका मृदु येत नाहीं, पण तीच भाजून घेतली असतां घोटण्यास उपयोगी पडते, असें त्याचें म्हणणें आहे. युरोपीय भाषांतील 'कोरंडम' हा शब्दही आपल्या देशांतूनच, तमिळ भाषेंतील 'कुरुंदम्' या शब्दावरून तिकडे गेला. आपण त्यालाच कुरुंद म्हणतों.

हिंदुस्थानांतील या कलेचा सर्वांत प्राचीन व अद्भुत नमुना बिहारांत गयेजवळ बराबर नांवाच्या टेंकड्यांत आहे. सम्राट अशोकाच्या काळीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत, तेथील अखंड ग्रॅनाइटमध्यें लेणीं खोदलीं गेलीं, आणि त्यांच्या आंतील भिंती घोटून कांचेसारख्या केल्या गेल्या. सुमारें बावीसशें वर्षें लोटलीं, तरी त्या भिंतींत आजही प्रतिबिंब दिसतें. ज्या हातांनीं हें केलें त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

रोमच्या फरश्या आणि एक दूरदेशीं गेलेला कारागीर

ख्रिस्ती मंदिरांच्या फरशीचा सुवर्णकाल रोममध्यें १२ व्या व १३ व्या शतकांत उगवला. जांभळा पोर्फिरी नांवाचा अति कठीण दगड प्राचीन काळीं इजिप्तच्या वाळवंटांतून येत असे. त्या खाणी केव्हांच्याच बंद पडल्या होत्या. तेव्हां रोमच्या संगमरवरी कारागिरांनीं पडक्या इमारतींतील प्राचीन स्तंभ घेतले, काकडीच्या चकत्या कराव्या तसे ते आडवे कापले, आणि त्या गोल चकत्या मध्यें बसवून त्यांच्याभोंवतीं रंगीत दगडांच्या तुकड्यांचीं वळणें फिरविलीं. या कामांत प्रसिद्धीस आलेल्या कोस्माती घराण्यावरून तशा फरशीला कोस्माती फरशी म्हणतात. रोममधील संत क्लेमेंत याच्या मंदिरांत ती आजही पाहावयास मिळते. सम्राटांच्या प्रासादांतील दगड असा गोरगरिबांच्या पायांखालीं आला.

हीच कला पुढें इंग्लंडपर्यंत गेली. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी हा तेव्हां बेनेदिक्त-संघाच्या मठवासींचा मठ होता. तेथील मठाधिपति रिचर्ड डी वेअर हे रोमला गेले असतां तेथील फरश्या पाहून आले. त्यांच्या व राजा तिसरा हेन्री याच्या पुढाकारानें १२६८ मध्यें ओडोरिकस नांवाच्या रोमन कारागिरानें मुख्य वेदीपुढील फरशी घातली. रोममध्यें रंगीत तुकड्यांभोंवतीं पांढऱ्या संगमरवराची चौकट असते. येथें इंग्लंडांतीलच पर्बेक नांवाचा गडद दगड वापरला गेला. त्याला 'पर्बेक संगमरवर' म्हणत असले तरी तो वस्तुतः झिलई घेणारा चुनखडक आहे. दगडाच्या धंद्यांत जो चकाकतो त्याला संगमरवर म्हणण्याची चाल पुष्कळ जुनी आहे, आणि ती आजही ग्राहकाला फसविते.

त्या फरशीचा पुढील इतिहास आपल्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. शतकांमागून शतकें तिच्यावर मळ, मेण व झिलईसाठीं लावलेले पदार्थ यांचे थर चढत गेले. १९ व्या शतकांत तिची बरीच दुरुस्ती झाली, आणि नंतर ती दीर्घकाल गालिच्याखालीं झांकून ठेवण्यांत आली. अखेर २००८ ते २०१० या दोन वर्षांत तज्ज्ञांनीं ती तुकड्यातुकड्यानें स्वच्छ केली. यंत्र फिरवून नवी चकाकी काढण्याचा मार्ग त्यांनीं पत्करला नाहीं. मळ तेवढा काढला आणि निखळणारे तुकडे पक्के केले. तेवढ्यानेंच साडेसातशें वर्षांपूर्वींचे रंग पुन्हां प्रकट झाले. २०२३ मध्यें राजा तिसरा चार्ल्स याचा राज्याभिषेक त्याच फरशीवर झाला, व त्या सुमारास लोकांना तिच्यावरून चालण्याची परवानगी मिळाली, ती पादत्राणें काढून केवळ मोजे घालून. आपल्या आजोबा-आजींना ही अट मुळींच नवी वाटली नसती.

गुडघ्यांनीं झिजलेला दगड

सगळी झीज एका जातीची नसते. इटलींतील सिएना नगराच्या मुख्य मंदिरांत १४ व्या शतकापासून १६ व्या शतकापर्यंत घडत गेलेली चित्रफरशी आहे. संगमरवरावर रेघा कोरून, त्यांत काळें द्रव्य भरून, व पुढें रंगीत दगड जोडून शास्त्रांतील व इतिहासांतील ५६ चित्रें तींत उतरविलीं आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनीं त्यांतील कांहीं चित्रशिळा इतक्या झिजल्या कीं १९ व्या शतकांत त्यांच्या जागीं नव्या कोरून बसवाव्या लागल्या. म्हणून आतां ती फरशी वर्षाचा बहुतेक काळ झांकलेली असते, व थोडे आठवडेच लोकांना उघडी दिसते. येथें झीज म्हणजे हानि.

याच्या उलट उदाहरण रोममधील पवित्र जिन्याचें आहे. प्रभु येशू पिलाताच्या वाड्यांत ज्या पायऱ्या चढला, त्याच या २८ संगमरवरी पायऱ्या, अशी परंपरा आहे. यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढतात. गुडघ्यांच्या घर्षणानें संगमरवर झिजूं लागला, म्हणून १७२३ मध्यें त्यावर अक्रोडाच्या लांकडाचें आच्छादन घालण्यांत आलें. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें यात्रेकरूंनीं तें लांकूडच गुडघ्यांनीं घासलें. २०१९ मध्यें डागडुजीनिमित्त लांकूड काढलें तेव्हां खालच्या दगडांत गुडघ्यांनीं पडलेले खोल चर दिसून आले, आणि फटींतून यात्रेकरूंनीं टाकलेल्या चिठ्या व नाणीं निघालीं. सुमारें दोन महिने लोकांना उघड्या संगमरवरावरून चढावयास दिलें, व नंतर पायऱ्या पुन्हां झांकल्या. ते चर भरून काढून, घोटून, पायऱ्या सपाट कराव्या असें कोणासही वाटलें नाहीं. कारण तेथें झीज हाच इतिहास होता.

गोवें आणि वसई

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत जीं भव्य मंदिरें उभीं राहिलीं तीं मुख्यतः जांभ्याचीं होत. जांभ्याला बारीक कोरीव काम सोसत नाहीं, म्हणून दर्शनी भागाच्या स्तंभांसाठीं व नक्षीसाठीं काळा दगड जहाजांतून आणीत. जुन्या गोव्याच्या 'बों जेजू' मंदिराच्या दर्शनी भागाचा दगड वसईकडून गेला. १६०५ मध्यें त्या मंदिराचें अभिषेचन झालें. तेव्हां वसईच्या पाथरवटांच्या टाकीचा आवाज गोव्याच्या वैभवांत मिसळला आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याच मंदिरांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा रंगीत दगडांचा चौथरा आहे. तो तोस्कानाचा महासरदार तिसरा कोसिमो याची देणगी असून, फ्लोरेन्स येथील शिल्पकार फोज्जिनी यानें तो घडविला व १६९८ मध्यें तो गोव्यांत उभारला गेला. फ्लोरेन्समध्यें असल्या बहुमोल दगडकामासाठीं १५८८ पासून राजाश्रयाचा कारखाना चालत होता. तेथें धनुष्याला तार बांधून, तिच्यावर ओला कुरुंदाचा चुरा सोडीत, कारागीर कठीण दगड केसासारख्या रेघेवर कापीत व मग घोटीत. यंत्राचें बळ नसतां केवळ धीरानें हें काम होत असे.

उत्साहानें दगडाची हानि कशी होते याचा दाखलाही येथेंच आहे. या मंदिराच्या बाहेरील भिंतींवर पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत, दगडाचें मूळ रूप दिसावें म्हणून, तो काढून टाकण्यांत आला. पण जांभ्याला त्या गिलाव्याचेंच कवच होतें. उघडा पडलेला दगड पावसाळ्यामागून पावसाळे झिजत राहिला, व गिलावा पुन्हां द्यावा कीं देऊं नये हा वाद आज आपल्या काळापर्यंत येऊन पोंचला आहे.

गोव्यांतील असीसीकर संत फ्रान्सिस यांच्या मंदिराची फरशी पाहावी. ती जवळजवळ सर्व थडग्यांच्या शिळांची आहे. प्रत्येक शिळेवर नांव, साल व घराण्याची मुद्रा कोरलेली. वसईच्या किल्ल्यांतील फ्रान्सिस्कन मंदिराच्या तळांतही अशाच शिळा आहेत. वसई १५३४ मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं आली व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं ती घेतली. पुढें मंदिरांचीं छपरें गेलीं, आणि ज्या शिळांवरून एके काळीं उपासक अनवाणी चालत त्यांच्यावर पावसाच्या धारा पडूं लागल्या. जन्मानें गोमंतकीय असलेले मुंबईचे विद्वान डॉक्टर जेर्सन द कून्य यांनीं चौल व वसई यांच्या इतिहासावर १८७६ मध्यें इंग्रजींत ग्रंथ लिहिला, व त्यांत वसईच्या भग्न मंदिरांतील शिलालेख उतरून ठेविले. दगडावरील अक्षर पुसट होत गेलें तरी कागदावरील अक्षर टिकून राहिलें. त्या कार्याचें मोल जितकें मानावें तितकें थोडेंच होय.

मंदिराच्या तळाखालीं सामान्य भाविकांना पुरण्याची चाल पुढें मागें पडत गेली, आणि १९१७ च्या धर्मशास्त्रसंहितेनें कांहीं मोजके अधिकारी वगळतां तिला स्पष्ट मनाई केली. यामुळें ज्या थोड्या मंदिरांच्या फरशींत जुन्या शिळा उरल्या आहेत, त्यांत आतां नवी भर पडण्याचा संभव नाहीं. एक शिळा गेली म्हणजे ती कायमची गेली.

फरशीचा अक्षरांशीं असलेला संबंध थडग्यांपुरताच नाहीं. पूर्वींच्या मंदिराभिषेकाच्या विधींत तळावर राखेचे दोन पट्टे एका कोंपऱ्यापासून समोरच्या कोंपऱ्यापर्यंत तिरप्या क्रूसाच्या आकारानें पसरीत, आणि बिशपमहाराज आपल्या दंडाच्या टोंकानें एका पट्ट्यावर ग्रीक व दुसऱ्यावर लॅटिन वर्णमाला लिहीत. वीसाव्या शतकांतील सुधारणांत हा भाग आधीं संक्षिप्त झाला व नंतर गळला. तरीही नव्या मंदिराची पहिली लेखनभूमि फरशी ही होती, हें विसरतां येत नाहीं.

यंत्र आलें, आणि आम्लही आलें

१८९१ मध्यें अमेरिकेंतील एडवर्ड ॲचेसन यानें विजेच्या भट्टींत कार्बोरंडम नांवाचें द्रव्य तयार केलें. कुरुंदाहूनही कठीण असलेलें हें द्रव्य स्वस्त झाल्यावर फरशी घासण्याचा धंदाच बदलला. पूर्वीं व्हेनिसचे कारागीर संगमरवराच्या चुन्यांत बसविलेल्या तुकड्यांची फरशी लांब दांड्याला जड दगड बांधून मागें-पुढें ओढीत घासीत, व शेवटीं जवसाचें तेल देत. त्याच फरशीचे वंशज म्हणजे आपल्याकडील मोझाइक. त्यावर आधीं हातांनीं कार्बोरंडमच्या वड्या फिरल्या, मग विजेचें यंत्र आलें. ज्या कामाला आठवडे लागत तें दिवसांत होऊं लागलें. परंतु ज्या दगडाला पूर्वीं आठवडाभर विचार करण्यास अवसर मिळे, तो अवसरही त्याबरोबर गेला.

प्रस्तुत लेखकाच्या तरुणपणीं घडलेली एक गोष्ट येथें सांगतों. एका जुन्या मंदिरांत सणापूर्वीं फरशी धुण्याचें काम आम्हां कांहीं तरुणांकडे आलें. वेदीच्या पायऱ्या संगमरवरी असून त्यांवर मेणाचे व तेलाचे डाग पडले होते. आमच्यांतील एकानें मोरी धुण्याचें तीव्र आम्ल आणलें. पायरीवर ओततांच फेंस आला, आणि मळ निघत आहे असें समजून आम्हीं आनंदानें आणखी ओतलें. वस्तुतः तो फेंस मळाचा नव्हता. संगमरवर विरघळून त्यांतील वायु बाहेर पडत होता. पायऱ्या सुकल्यावर पाहतों तों चकाकी सर्व गेलेली, व दगड खडूसारखा पांढरा पडलेला. ही चूक झांकण्यासाठीं घासणारा बोलावला गेला. त्याचें यंत्र आलेलेंच आहे, तर मधली वाटही घासून घ्यावी असें ठरलें. त्या वाटेंत चुनखडकाच्या दोन जुन्या नामशिळा होत्या. त्यांच्यावरील अक्षरें आधींच उथळ झालेलीं. संध्याकाळपर्यंत तीं राहिलीं नाहींत. मंदिर सणाच्या दिवशीं खरोखरच झळकत होतें, आणि सर्वांनीं आमची वाखाणणी केली.

पुढें २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस आला. त्या गांवचे एक वृद्ध गृहस्थ दरवर्षीं मिस्सेनंतर आपल्या पणजोबांच्या शिळेवर मेणबत्ती लावून प्रार्थना करीत. ते नेहमींप्रमाणें आले, आणि वाटेंत उभे राहून खालीं पाहूं लागले. एका फरशीवर वांकले, मग शेजारच्या. शेवटीं अंदाजानें एका जागीं मेणबत्ती ठेवून ते गुडघे टेकून बसले. त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं, कीं कांहीं विचारलें नाहीं. मी दाराशीं उभा होतों. त्या दिवसापासून चकाकणारी फरशी पाहिली कीं, हिच्यांतून काय वजा झालें असेल, हा प्रश्न माझ्या मनांत प्रथम येतो.

राखण कशी करावी

तेव्हां फरशीची काळजी घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न नाहीं. काळजी अवश्य घ्यावी, परंतु ती रोजची असावी. दहा वर्षें दुर्लक्ष करून अकराव्या वर्षीं यंत्र आणण्यापेक्षां रोज केरसुणी फिरविणें स्वस्त व हितकर. वर सांगितलेंच आहे कीं वाळूची गार संगमरवराहून कठीण असते. म्हणून दाराशीं जाड पायपुसणें ठेवावें, तें वरचेवर झटकावें, आणि मऊ झाडूनें धूळ काढल्यावांचून ओलें फडकें फिरवूं नये. नाहीं तर तें फडकेंच घासणीचें काम करतें.

धुण्यास स्वच्छ पाणी पुरे. मळ चिकट असल्यास सौम्य साबणाचे थोडे थेंब घालून मागाहून साध्या पाण्यानें पुसून घ्यावें. फरशीचें पाणी वारंवार बदलावें, कारण मळकट पाण्यानें मळ एका जागेवरून दुसऱ्या जागीं मात्र जातो. लिंबू, चिंच, शिरका, व बाटलींतील आम्ल यांचा स्पर्श संगमरवर, शहाबादी, कोटा व कडप्पा यांस होऊं देऊं नये. आपली फरशी कोणत्या कुळांतील आहे याची शंका असल्यास, कोंपऱ्यांतील न दिसणाऱ्या तुकड्यावर लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले अगर डाग फिका पडला तर तो चुनखडीच्या जातीचा समजावा, व लागलीच पाण्यानें धुवून टाकावा.

मेण सांडलें तर तें थंड होऊं द्यावें, लांकडी पट्टीनें हलकेच उचलावें, आणि उरलेल्या डागावर टिपकागद ठेवून त्यावर कोमट इस्त्री धरावी. कागद मेण शोषून घेतो. तेलाच्या किंवा जुन्या पिवळ्या डागासाठीं मुलतानी मातीचा ओला लेप द्यावा, व सुकल्यावर धुवून काढावा. हा उपाय घरगुती दिसला तरी सामान्य नव्हे. ताजमहालाच्या संगमरवरावर हवेंतील मळानें आलेला पिवळेपणा काढण्यासाठीं पुरातत्त्व खात्यानें १९९४ पासून अनेक वेळां असाच मातीचा लेप वापरला आहे. पावसाळ्यांत दगड दमट होतो. त्या दिवसांत त्याच्यावर प्लास्टिकची चटई अंथरून ठेवूं नये. आंतील ओल बाहेर पडावयास वाट पाहिजे, नाहीं तर ती आपल्याबरोबर क्षार वर आणते व दगडाचे पापुद्रे सुटतात. मेण व तेल घालून फरशी चकचकीत ठेवण्याचा मोहही आवरावा. तो थर धूळ धरतो, पिवळा पडतो, आणि पुढच्या पिढीला तो काढीत बसावें लागतें.

घासणें खरोखरच अपरिहार्य झालें तर त्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. प्रत्येक कोरीव शिळेचें छायाचित्र घ्यावें. तिच्यावर पातळ कागद पसरून कोळशानें किंवा मेणखडूनें अक्षरांचा ठसा उतरवावा, कारण जें डोळ्याला दिसत नाहीं तें कागदावर पुष्कळदां उमटतें. आणि नांव, साल व शिळेची जागा हीं धर्मग्रामाच्या दप्तरांत लिहून ठेवावीं. एवढें झाल्यावर कोरीव शिळांवरून यंत्र फिरवूं नये असें कंत्राटदाराला लेखी सांगावें. त्या शिळा धुवून पुसल्या म्हणजे पुरे. शेजारची फरशी झळकत असतां त्या निस्तेज दिसतील हें खरें, पण तेंच त्यांचें वार्धक्य होय, आणि वार्धक्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

आणखी एक कर्तव्य आहे, तें दगडासंबंधीं नसून माणसासंबंधीं आहे. ग्रॅनाइट व वालुकाश्म यांच्या कोरड्या धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात. ते श्वासावाटे छातींत गेले कीं फुप्फुसें हळूहळू निकामी करतात. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, व त्यावर उतारा नाहीं. खंभातचे अकीक घासणारे कारागीर व राजस्थानांतील खाणींतले मजूर या रोगानें पिढ्यान्पिढ्या खंगत आले आहेत. म्हणून आपल्या मंदिरांत घासणीचें किंवा कापणीचें काम चालू असतां तें पाणी सोडूनच व्हावें, कामगाराच्या तोंडावर चांगला मुखवटा असावा, आणि त्याला मजुरी देतांना घासाघीस करूं नये. परमेश्वराच्या घराची चकाकी दुसऱ्याच्या छातींतील धुळीच्या मोलानें विकत घेणें कोणत्याही भक्ताला शोभणार नाहीं.

वाचकहो, जुबिली म्हणजे आनंदाचा काळ, आणि आनंदाच्या काळीं घर स्वच्छ करणें हा मनुष्यस्वभाव आहे. आपणही करावें. पण केरसुणी हातीं घेतलेल्या प्रत्येकानें एकदां खालीं वांकून पाहावें. दाराच्या उंबरठ्याला मध्यें आलेला खळगा, वेदीपुढील कठड्यापाशीं गुडघ्यांनीं गुळगुळीत झालेली लादी, आणि कोंपऱ्यांतील शिळेवर अर्धवट उरलेलें एखादें नांव, हीं आपल्या वाडवडिलांनीं आपल्या हवालीं केलेलीं आहेत. धूळ तेवढी आपली. ती झाडून टाकावी, आणि बाकीचें जसें मिळालें तसें पुढील जुबिलीच्या लेकरांच्या हातीं द्यावें.